बरणीवरचा काळा दोरा

माझ्या माहेरी सगळेच संशयी. दुधात पाणी किती, हे आमच्याकडे दूध पाहून नाही, दूधवाल्याच्या तोंडाकडे पाहून ठरायचं. एखादा पाहुणा जरा जास्त गोड बोलला की आई चुलीपाशी येऊन हळूच म्हणायची, "याचं काहीतरी काम दिसून राह्यलं." आणि बहुतेकदा काम निघायचंच, त्यामुळे ही खोड मोडायचं कुणाला कारण पडलं नाही. लग्न होऊन मी पिंपळगाव राजाला आले ती खोड बरोबर घेऊनच. सासूबाई म्हणायच्या, देवानं खरंच नैवेद्य खाल्ला तरी ही आधी मांजर कुठं आहे ते पाहील.

महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. कापूस वेचायचे दिवस होते. दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, घोणस चावली. लोकांनी त्याला बैलगाडीत घालून सडकेपर्यंत आणलं आणि तिथून एका ट्रकमधून दवाखान्यात. दवाखाना आमच्याच जिल्ह्यातला. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तेव्हा तिथं जे होतं ते बऱ्याच ठिकाणी तसंच होतं, आणि एकट्या त्या गावाला बोल लावण्यात अर्थ नाही.

इंजेक्शनं वेळेवर मिळाली. हिरड्यांतून येणारं रक्त थांबलं, आम्ही देवाला नारळ बोललो, आणि मग दादाची लघवी बंद झाली. तोंड सुजलं, पाय सुजले, उचक्या लागल्या त्या थांबेनात. भेटायला येणारे म्हणायचे, बायको आठवण काढत असेल. वहिनी घरी तान्ह्या पोरापाशी होती आणि आई तिच्यापाशी. दवाखान्यात दादाजवळ आम्ही दोघंच, मी आणि आमचे वडील. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो.

डॉक्टर तरुण होते, नागपूरला शिकून आलेले. ते म्हणाले, विषानं मूत्रपिंडं बंद पडली आहेत, ती काही दिवसांनी आपली आपण चालू होतील, पण तोवर अंगातली घाण दुसऱ्या वाटेनं काढावी लागेल. ती वाट म्हणजे पोट. बेंबीच्या खाली छोटं भोक पाडून त्यात नळी बसवायची, वर टांगलेल्या बाटलीतलं औषधी पाणी पोटात सोडायचं, थोडा वेळ आत राहू द्यायचं, मग पलंगाखाली ठेवलेल्या काचेच्या बरणीत ते सगळं उतरवून घ्यायचं. ते झालं की लगेच दुसरी बाटली. दिवस नाही, रात्र नाही. आम्ही त्याला पोटाची धुलाई म्हणायला लागलो. नळी बसल्यावर डॉक्टर खूश दिसले, आणि मला त्यांच्या त्या खुशीचाच संशय आला. शिकलेलं करून पाहायला यांना आमचा दादा बरा सापडला, असं मी आबांना म्हटलं. आबांनी मान डोलावली.

पण डॉक्टरांपेक्षा माझा डोळा होता तो सिस्टरवर. पुरुषांच्या आणि बायकांच्या अशा दोन्ही वॉर्डांना मिळून ती एकटी होती. मधे व्हरांडा, आणि त्या व्हरांड्यात तिच्या चपला दिवसभर फटफट वाजत. नगरकडची होती, उंच, हडकुळी, बोलायची ती चालता चालता. वाक्य आमच्या पलंगाशी सुरू झालं तर दारात संपायचं. तिला बसलेली मी कधी पाहिली नाही. औषधाच्या कपाटाची किल्ली तिच्या कमरेला असायची, आणि कपाटाला काचेऐवजी लाकडी दारं. आत काय आहे ते दिसू नये म्हणून कुणी लाकडी दारं लावतं का, हे मी मनात घोळवत बसायचे. ती आमच्याकडे कमी आणि पलीकडच्या पाटलाच्या पुतण्याकडे जास्त थांबते, असंही माझ्या मनानं घेतलं होतं. पाटलाच्या पुतण्याचा पाय चाकाखाली चेंगरला होता आणि त्याची पट्टी बदलायला वेळच लागायचा, हे मला कळत होतं. कळून काय उपयोग, मन ऐकतं का.

धुलाईचं तिनं आम्हाला एकदाच सांगितलं. वरची बाटली संपली की नळीला हा चिमटा लावा. घड्याळाचा काटा इथं आला की खालचा चिमटा सोडा, पाणी बरणीत येईल. मग परत चिमटा लावा, मला हाक मारा. एवढं म्हणेपर्यंत पलीकडून कुणी "सिस्टर" म्हणालं आणि ती गेली. खरं तर हे तिचं काम, नातेवाइकांचं नाही. पण तिच्याच्यानं दोन्हीकडे उभं राहणं शक्य नव्हतं, आणि आबांनी ते काम आनंदानं अंगावर घेतलं. बाजारात कापसाचा काटा होताना ते असेच पुढे सरसावून उभे राहायचे. जन्मभर काट्यात मार खाल्लेला माणूस. व्यापारी दांडीला बोट लावतो का, कडता म्हणून किती जास्तीचा कापूस ओढतो, हे पाहण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं.

दवाखान्याच्या मागं पेशंटची माणसं तीन दगड मांडून भाकरी करायची. माझ्या चुलीशेजारी जानेफळकडचा एक माणूस चूल मांडायचा. रस्त्याच्या कामावर खडी फोडायचा. त्याची बायको बायकांच्या वॉर्डात होती. मूल पोटातच गेलं होतं, तिला झटके येऊन गेले होते, आणि परत येतील म्हणून तिच्यावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. लक्ष ठेवायचं म्हणजे त्यानंच. तो मला ताई म्हणायचा, मी त्याला भाऊ. माझी लाकडं ओली असली की तो न मागता आपल्या चुलीतला विस्तव माझ्याकडे सरकवायचा. तेवढ्या एका माणसाचा मला तिथं संशय आला नाही.

दादा काही सुधरेना. उलट पायाची सूज मांडीपर्यंत चढली, आडवं झालं की दम लागायला लागला. उचक्या चालूच. डॉक्टर आले, पाय दाबून पाहिला, आबांना विचारलं, "पाणी बरोबर बाहेर येतंय ना?"

आबा म्हणाले, "जेवढं गेलं तेवढं येऊन राह्यलं साहेब. थेंबाचा फरक नाही."

डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि सिस्टरशी इंग्रजीत काहीतरी बोलले. ती इंग्रजीतच काहीतरी म्हणाली. झालं. जे आपल्यासमोर मराठीत बोलता येत नाही ते काय असणार? कुठंतरी पाणी मुरतंय, हे माझं पक्कं झालं. एक तर बाटल्यांत औषध नाही, नुसतं नळाचं पाणी आहे. नाहीतर चांगल्या बाटल्या कपाटात आहेत आणि कुणा बड्यासाठी राखल्या आहेत. त्या रागात मी ताटातली भाकरी तशीच ठेवून उठले.

बरणीच्या मध्याच्या जरा वर एक काळा दोरा बांधलेला मला त्याच दिवशी दिसला. करदोड्याचा दोरा, आबांच्याच कमरेचा. मला वाटलं, दृष्ट लागू नये म्हणून बांधला असेल. पेशंटच्या माणसांनी बांधलेल्या दोऱ्याला सिस्टरही हात लावत नसे. कुणाच्या दंडाला, कुणाच्या पलंगाला, काही ना काही बांधलेलं असायचंच.

मग एक दिवस सकाळपासून दवाखाना बदलला. भिंतींना खालून गेरू, वरून चुना. पलंगांवर पांढऱ्या चादरी, आणि वॉर्डात पोरी. पांढऱ्या साड्यांतल्या, एकीमागून एक येणाऱ्या नर्सबाया. मी मोजायचं सोडून दिलं. एकीनं मला विचारलं, "बाई, इथी हात धुवाले पाणी कुठी हाय?" नर्स आहे आणि तिला मोरी माहीत नाही? चौकशी केली तर कळलं, तपासणीला मोठे साहेब येणार आहेत आणि आजूबाजूच्या दवाखान्यांतून आजच्यापुरत्या नर्सा मागवल्या आहेत, सकाळच्या एसटीनं आल्या, संध्याकाळच्या एसटीनं जातील. लग्नात मिरवायला शेजारणीची पाटली घालावी तसा प्रकार. मी मनात म्हटलं, हे लोक साहेबालाही फसवतात, आपली काय कथा.

पेशंटच्या माणसांना बाहेर काढलं. आबा जायला तयार नव्हते, चिमटा हातात धरून उभे राहिले, शेवटी वॉर्डबॉयनं त्यांना दंडाला धरून व्हरांड्याच्या टोकाला नेऊन बसवलं. पलंगाखालच्या जुन्या बरण्याही नेल्या आणि दुसऱ्या स्वच्छ आणून ठेवल्या. मोरी विचारणारी ती नर्स दादाच्या पलंगाशी स्टूल घेऊन बसली. मी खिडकीच्या गजांतून दिवसभर पाहत होते. ती उठली ती फक्त बाटली बदलायला, त्याला कुशीवर वळवायला, आणि परत परत हात धुवायला. साहेब आले, चादरींवरून नजर फिरवली, चहा प्यायले आणि गेले. ती मात्र बसूनच होती.

दुपार उलटली आणि दादाची उचकी थांबली. आधी मी घाबरले. मग तो कुशीवर वळला आणि त्यानं त्या नर्सला काहीतरी विचारलं. तिनं खिडकीकडे बोट केलं. दादानं माझ्याकडे पाहिलं, ओळखलं आणि म्हणाला, "तू कवा आली वं?" मी तिथं किती दिवस होते, आणि त्याला ते पहिल्यांदा कळलं होतं. मला रडू आलं, आणि रडता रडता मनात हेच, की बघा, आज कपाटातलं खरं औषध निघालं. साहेबांना दाखवायला निघालं. आतापर्यंत ठेवलं होतं दडवून.

संध्याकाळी ती नर्स एसटी स्टँडकडे निघाली तेव्हा मी तिला फाटकाशी गाठलं. म्हटलं, "खरं सांगा बाई, आज कोणतं औषध दिलं त्याले?"

ती जरा गोंधळली. "औषध? कालचंच पाणी हाय जी ते. बाटल्या त्याच."

"मंग त्याले आजच काऊन बरं वाटलं?"

"म्या काही नाही केलं. बसून होती. येते तेवढं सगळं येऊ दिलं." मग जाता जाता म्हणाली, "जेवढं टाकलं त्याच्याहून जास्त आलं पाहिजे. ते जास्तीचं पाणी म्हणजेच त्याची सूज. तुमच्या इथल्या सिस्टरनं सांगितलं असंनच."

नव्हतं सांगितलं. आणि मला तिच्या बोलण्यात खोट काढता येईना, ही मोठी अडचण झाली. आबा तर रोज म्हणत होते, जेवढं गेलं तेवढंच, थेंबाचा फरक नाही. शेतातून काढलेलं असो की पोटातून, थेंबाचा फरक नाही असं कधी झालंय का? माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मला संशय यायला नको असं वाटलं.

सकाळी मी दारामागून पाहिलं. आबांनी नवी बरणी जवळ ओढली होती. शेजारी वरची रिकामी झालेली बाटली. एका लोट्यानं त्यांनी बाटलीभर पाणी मापून बरणीत ओतलं, पाणी कुठवर येतं ते पाहिलं, नेमक्या तिथं काळा दोरा बांधून गाठ मारली आणि पाणी बाहेर फेकून बरणी पुसली. मग घड्याळाकडे पाहून चिमटा सोडला. दादाच्या पोटातलं पाणी बरणीत उतरायला लागलं. दोऱ्याला टेकलं आणि आबांनी चिमटा लावला. नळीत अजून धार होती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

"आबा, हे काय करून राह्यले तुमी?"

ते दचकले नाहीत. "येऊ नको मधात. पहिल्या दिवशी म्या पाहिलं. हे एक बाटली देतात अन् दीड घेतात. पोराच्या अंगातला रस काढून घेऊन राह्यले. म्या दोरा बांधला तवापासून एक थेंब जास्त नाही जाऊ देल्ला."

"अवो, ते जास्त आलंच पाहिजे. कालची नर्स म्हणे."

"ते आज हाय का इथी? आली अन् गेली. तिचा काय भरवसा?"

मी चिमट्याला हात घातला तर त्यांनी माझं मनगट धरलं. सत्तरीचा म्हातारा, पण पकड शेतकऱ्याची. दादा आमच्या दोघांच्या मधे धापा टाकत होता. मला आबांचा राग आला आणि दयाही आली. मी व्हरांड्यात पळत गेले आणि सिस्टरच्या आडवी उभी राहिले. तिच्या हातात झाकलेला ट्रे होता. म्हटलं, "माझा भाऊ मरून राह्यला अन् मारणारा त्याचा बाप हाय. आधी इकडं या."

ती आली. बरणी पाहिली, दोरा पाहिला, काय ते एका नजरेत समजली. मला वाटलं आता आबांवर ओरडेल, पण ती पलंगाच्या कडेवर बसली. खरोखर बसली. ट्रे जमिनीवर ठेवला आणि आबांचा हात हातात घेऊन त्यांचा अंगठा दादाच्या नडगीवर दाबला. "दाबा बाबा. जोरात. आता काढा." अंगठा काढला तिथं खड्डा राहिला, कणकेत राहतो तसा. "हे पाणी आहे. याला बाहेर जायला वाट नाही, म्हणून छातीत चढतंय. म्हणून दम लागतो. जास्तीचं येतं ते हे. रस नाही, याची अडचण आहे." आबांना पटेना. त्यांनी दुसऱ्या पायावर दाबून पाहिलं, स्वतःच्या पायावर दाबून पाहिलं. मग हा व्यापाऱ्यासारखा कडता नव्हे का, असं विचारलं. तिनं सगळं उत्तर दिलं, न रागावता, त्यांच्या हातावरचा हात न काढता. शेवटी आबांनीच चिमटा सोडला. पाणी दोऱ्याच्या वर गेलं, आणखी वर गेलं.

आबा म्हणाले, "मंग हे आधी काऊन नाही सांगितलं?"

सिस्टर म्हणाली, "कधी सांगू?"

तेवढ्यात व्हरांड्यातून कुणीतरी धावत आलं आणि ती उठून गेली. ट्रे तिथंच राहिला.

दादा वाचला, हे सांगून टाकते. त्यानंतर मी स्वतः चिमट्याशी बसले. सूज उतरली, आणि काही दिवसांनी त्याला थोडी लघवी झाली तेव्हा आबांनी ती काचेच्या बाटलीत घेऊन आख्ख्या वॉर्डाला फिरून दाखवली. पुढे तो शेती करू लागला, वहिनीशी भांडू लागला, माणसात आला.

पण त्या सकाळी बायकांच्या वॉर्डात जानेफळवाल्याच्या बायकोला परत झटका आला होता. पलंगावर ती एकटीच होती. सिस्टर पोचली तेव्हा तिच्या घशात उलटी अडकून श्वास गेला होता. डॉक्टर नंतर म्हणाले, कुणी जवळ असतं तरी ती वाचली असती असं सांगता आलं नसतं. मला ते तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही. सांगता आलं नसतं असं म्हणतात तेव्हा बहुतेक सांगता येत असतं.

दुपारी मी चुलीकडे गेले तर तो तिथं बसला होता. गाडीची वाट पाहत होता, कुणीतरी बैलगाडी आणायला गेलं होतं. सकाळी भाकरीसाठी पेटवलेला विस्तव त्याच्या चुलीत अजून धुमसत होता. मी शेजारी बसले. तोच बोलला.

"ताई, तिचे डोळे फिरले तवा मी सिस्टरले बोलवाले आलो होतो. तुमच्या दारापर्यंत दोनदा आलो."

"मले नाही दिसले भाऊ तुमी."

"सिस्टर बसल्या होत्या. त्या कधी बसत नाहीत. म्हणून म्हटलं, काही लई मोठं काम असंन. मधात कसं बोलावं? म्हणून परत फिरलो." त्यानं चुलीतलं एक लाकूड मागं ओढलं. मग म्हणाला, "काय काम होतं, ताई?"

मी म्हटलं, "आमच्या आबांले समजावून सांगत होत्या."

"काय?"

"पाणी किती येऊ द्यायचं ते."

एवढंच होतं सांगायला, आणि एवढंच मी सांगितलं. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ. आमच्या माहेरी दूधवाल्याच्या तोंडाकडे पाहायचे तसं. मग त्यानं तांब्यातलं पाणी आपल्या चुलीवर ओतलं, आणि विस्तव विझल्यावर एकेक भांडं फडक्यात बांधायला घेतलं.